ऊन उतरल्यावर

गाडी तीनची होती, आणि आमच्या घरात दुपारी बारा ते चारच्या मध्ये काहीही ठरवायचं नाही असा नियम होता. मी सोलापूर सोडलं त्या दिवशी या दोन गोष्टी एकमेकींना आडव्या आल्या. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला म्हणजे जे अजून त्याच पेठेत, त्याच उन्हात आहात त्यांना, आणि जे माझ्यासारखे ट्रंक उचलून कुठल्या कुठे जाऊन बसलात त्यांनाही.

शनिवार होता. वैशाख संपत आला होता. बाराच्या टपालाने माझ्या नेमणुकीचा कागद आला. सरकारी कारकुनीसाठी अर्ज केलाय हे घरात माहीत होतं. नेमणूक थेट कोकणात, राजापूरच्या तहसील कचेरीत निघेल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. म्हणजे त्याच दिवशीची तीनची कोल्हापूर गाडी धरायला हवी होती.

अप्पा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर वाळ्याचा पडदा बांधत होते. तोच त्यांचा धंदा. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात वाळ्याच्या मुळ्या दाबून बसवायच्या आणि सुतळीने आवळायच्या. वकिलांच्या खोल्या, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडे उन्हाळ्यात अप्पांचे पडदे लागत आणि दिवसभर कुणीतरी झारीने ते भिजवत बसे. फाल्गुनात सुरू झालेलं काम आभाळ भरून आलं की थांबायचं. त्यामुळे आमच्या घरचा मिजाज गावाच्या उलटा. सोलापूर भाजून निघत असलं की अप्पा खुशीत, आणि ढग बघून लोक हसायला लागले की यांच्या कपाळाला आठी. माझी आई, अव्वा, म्हणायची, "साऱ्या गावाचा जीव थंड झाला की ह्यांचा तापतोय."

बारा ते चारचा नियमही अप्पांचाच. तरुणपणी अक्कलकोटला असताना एका दुपारी त्यांचं आणि थोरल्या भावाचं, माझ्या काकांचं, कशावरून तरी वाजलं. कशावरून ते पुढे दोघांनाही सांगता येत नव्हतं. पण तोंडातून गेलेलं माघारी आलं नाही, आणि अप्पा बायकोला घेऊन सोलापुरात येऊन राहिले ते राहिलेच. तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच, "उनात बोललेलं माणसाचं नसतंय, उनाचं असतंय." म्हणून दुपारी घरात लग्नाची बोलणी नाहीत, पत्राला उत्तर नाही, कुणाला होकार-नकार नाही. मी आणि शेजारची पोरं भांडून तक्रार घेऊन गेलो तर, "चारला या, मग सांगा कुणी मारलं." चारला कुणी मारलं ते आठवत नसे. घरमालक एकदा ऐन दुपारी तावातावाने आला, तर अप्पांनी त्याला माठातलं पाणी देऊन चारपर्यंत बसवून ठेवलं. जाताना तो चहा पिऊन गेला.

तर तो कागद मी अप्पांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "ऊन उतरू दे. मग बोलू."

"अप्पा, गाडी तीनची हाय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग झारी उचलली आणि बांधून झालेला पडदा भिजवायला लागले. त्याला भिजवायची काही गरज नव्हती. अव्वाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली. निघताना अप्पांनी वाळ्याच्या मुळ्यांची एक जुडी माझ्या कपड्यांत खुपसली, ट्रंक सायकलच्या कॅरिअरवर बांधली आणि स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. तेवढ्या वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. गाडी सुटली तेव्हा चार वाजायला तासभर होता.

मला त्यांचा राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. यांना माझं जाणं पसंत नाही आणि तोंडावर सांगवत नाही, म्हणून नियमाच्या आड लपले, असं मी धरून चालले. कोल्हापूरला गाडी बदलेपर्यंत माझी तशी खात्रीच झाली होती.

राजापुरात पंधरा दिवस बरे गेले आणि मग पाऊस लागला. लागला म्हणजे लागलाच. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होता आणि रोज सकाळी त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतून किती मिलिमीटर ते वहीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुष्काळात ढगाच्या एका तुकड्यासाठी माना मोडेपर्यंत वर बघितलेल्या गावची मी. इथे ते माप भरून ओतायचं, परत भरायचं, परत ओतायचं. पहिल्या दिवशी ते पाणी मातीत टाकून देताना हात थांबला. महिन्याभरात त्याच पाण्याकडे बघवेना.

कपडे वाळत नव्हते, मीठ पाझरत होतं, चपलांवर बुरशी धरत होती. ते सोसता येत होतं. सोसवत नव्हतं ते मनाचं. सोलापूरचं ऊन माणसाला भांडायला लावतं, पण निदान रोज उतरतं. हा पाऊस भांडायलाही लावत नव्हता. नुसतं आत काहीतरी फिरत राहायचं, जागेवर बसू द्यायचं नाही. मी खिडकीशी जायची, परत यायची. फाइल उघडायची, मिटायची. त्यात ती वाळ्याची जुडी. वाळ्याला वास सुटतो तो भिजल्यावर. सोलापुरात झारी मारावी तेव्हा घडीभर यायचा. इथे हवाच ओली, त्यामुळे ट्रंक उघडली की आमची ओसरी समोर. एकदा चिडून मी ती जुडी उचलून परसात फेकली आणि पाच मिनिटांत भिजत जाऊन परत घेऊन आले.

आषाढात अप्पांचं कार्ड आलं. ते पत्र लिहिणाऱ्यांतले नव्हते. चारच ओळी होत्या. घरमालकाला यंत्रमाग टाकायचे आहेत, जागा मागतो आहे. गणपतीपर्यंत मुदत दिली आहे. "तू बदली घेऊन माघारी येणार असशील तर मी हटून बसतो, घर सोडत न्हाय. येणार नसशील तर आमी दोघं अक्कलकोटला दादाकडं जातो. काय ते कळीव."

दादाकडे. वीस-बावीस वर्षं ज्या दाराला पाठ फिरवली, त्या दाराशी अप्पा जाणार होते, आणि जायचं की नाही हे माझ्या एका कार्डावर ठेवलं होतं.

ते वाचल्याबरोबर मला लिहावंसं वाटलं, घर ठेवा, मी येते. पेन उचललं आणि थांबले. हे मी म्हणतेय की पाऊस म्हणतोय? चांगली नोकरी, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, आणि महिनाभर ऊन दिसलं नाही म्हणून सगळं टाकून पळायला निघाले, हे काय शहाणपण झालं? मी अप्पांचीच मुलगी. उत्तराचं कोरं कार्ड खिडकीत ठेवलं आणि ठरवलं, पाऊस उघडू दे, मन ताळ्यावर येऊ दे, मग लिहू. सोलापूरच्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. ऊन चार वाजता उतरतं. पाऊस कधी उघडतो हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आषाढ गेला, श्रावण गेला. दोनदा उघडीप पडली, पण मी पेनापर्यंत पोचायच्या आत मिटली. गणपती दोन दिवसांवर आले. माझ्या घरमालकीण सुभद्राकाकी, पासष्टीच्या, त्या दिवशी शेतातून पावसाचं पानांचं इरलं डोक्यावर घेऊन आल्या आणि खिडकीतलं कोरं कार्ड बघून म्हणाल्या, "ह्या काय कवापासना हितं पडलाय?"

मी सांगितलं. पाऊस उघडला की वडिलांना उत्तर लिहायचं आहे.

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगो, पाऊस थांबाची वाट बगतंस? पाऊस थांबला तर आमची कामा खोळंबतत. लावनी काय उनात करतत?"

सगळं जेवढं हलायचं ते इथे भर पावसातच हलत होतं. थांबून राहिलेली मी एकटीच होते. मी तिथल्या तिथे बसून लिहिलं, "घर सोडू नका. मी बदलीचा अर्ज करते." अक्षरं ओल्या कार्डावर फुटली. तसंच टाकलं.

उत्तर आलं ते पंधरा दिवसांनी, अक्कलकोटहून. "तुझं कार्ड सोलापूरला जाऊन फिरून हितं आलं. आमी गणपतीच्या आदल्या दिवशी घर सोडलं. काळजी करू नये. दिवाळीला हितं ये."

दिवाळीला गेले. गाडी सोलापुरात बदलायची होती, म्हणून पेठेत डोकावले. आमच्या ओसरीवर माग खडखडत होते, आणि आत कुणी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. अक्कलकोटला काकांच्या दारातल्या कट्ट्यावर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. काका अर्धं कानडीत, अर्धं मराठीत अप्पांच्या पडदे बांधण्याला नावं ठेवत होते आणि अप्पा ऐकून घेत होते. अव्वा आतून हळूच म्हणाली, "दोघांनी एकमेकाला कायबी विचारलं न्हाय. होगली बिडु म्हणले, झालं." जाऊ दे, सोडून दे. बावीस वर्षांचा निकाल तेवढ्यात लागला होता.

मी अप्पांसमोर बसले आणि रडले. म्हटलं, माझ्यामुळे घर गेलं.

अप्पा म्हणाले, "तुझं उत्तर आलं न्हाय तवा मी समजलो, पोरीकडं अजून ऊन उतरलं न्हाय. मला समजलं. घरमालकाला कसं समजावं?"

मग मला विचारल्याशिवाय राहवेना. "अप्पा, त्या शनिवारी ऊन उतरल्यावर तुमी काय बोलणार हुता?"

"जा म्हणणार हुतो. दुसरं काय?"

"मग तवाच का न्हाय म्हणला?"

"दोन वाजले हुते की," अप्पा म्हणाले.

बदलीचा अर्ज मी केला नाही. आता पाच वर्षं होत आली. काकी लावणीला हाक मारतात, मी जाते, वाकडीतिकडी रोपं लावते. पण स्वस्थ झाले असं म्हणणार नाही. पाऊस लागला की अजूनही खिडकीशी जाते आणि परत येते. चैत्रात अक्कलकोटला चार दिवस काढले की त्या कोरड्या उन्हात तिथूनही उठावंसं वाटतं. ज्या घरात मी नीट बसू शकले असते त्यात आता माग आहेत, हे मी मनाला सांगून पाहिलं आहे. मन फारसं ऐकत नाही.

एक मात्र बदललं. मी आता उघडीप पडायची वाट बघत नाही. मनात येईल तेव्हा लिहिते, आणि कार्डाच्या कोपऱ्यात तारखेखाली त्या दिवशी सकाळी मोजलेला पाऊस लिहिते. म्हणजे अप्पांना कळतं, यातलं माझं किती आणि पावसाचं किती. आपलं लिहिणं आपल्याकडच्या हवेसकट वाचणारं माणूस जिथे आहे, तेच माझं घर, मग त्याचा पत्ता कुठलाही असो. तुमचंही कुणी असं असेल तर त्याला आजच कार्ड टाका.

यंदा वैशाखात अप्पांचं कार्ड आलं. वरच्या कोपऱ्यात त्यांनीही लिहिलं होतं, "वेळ दुपारचे दोन." खाली एकच ओळ, "ऊन लई हाय, तुझी आठवण येते." आणि त्याखाली वेगळ्या शाईत, "चारला परत वाचून बघितलं. खोडण्यासारखं काय न्हाय."