रांगेतले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका रांगेवर जीव असलेला माणूस रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, असं त्यांच्याबरोबर एकदा बँकेत जाऊन आलेला कोणीही सांगेल. त्यांची उभी नोकरी पनवेलच्या एसटी स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेली. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या जनतेशी त्यांचं हाडवैर. मामा गाडीत चढून सगळे रुमाल गोळा करत आणि मग माइकवरून शांतपणे विचारत, "आपटा गाडीतला निळ्या चौकटीचा रुमाल कोणाचा हाय? ओळख पटवून घेऊन जावा." ओळख पटेपर्यंत गाडी आपट्याच्या वाटेला लागलेली असे. निवृत्तीनंतर फलाट सुटला, पण स्वभाव थोडाच सुटतो? मासळी बाजारातली ओळखीची कोळीण त्यांच्यासाठी पापलेट बाजूला काढून ठेवायची, तर पुढच्या चार बायकांची खरेदी उरकल्याशिवाय हे त्याला हात लावत नसत. "दादा, तुमी असंच उभं रावा नि घरी जाऊन बोंबील खावा," असं ती म्हणे. पोटच्या मुलीच्या लग्नात हा वधूपिता ताट घेऊन बुफेच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा होता आणि व्याही त्यांच्यासाठी टेबलाशी ताटकळत बसले होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशा माणसाला घेऊन मी एका मे महिन्यात खोपोलीच्या बाजूला झालेल्या थीम पार्कात गेलो. निमित्त सईचं. सई म्हणजे मामांची एकुलती एक नात, वय वर्षं दहा. आईवडिलांबरोबर खारघरला राहायची आणि शनिवार-रविवार हक्काने आजोबांकडे मुक्कामाला यायची. तिच्या वडिलांना शारजात नोकरी लागली होती आणि आठवड्याभरात ती आईबरोबर तिकडे जाणार होती. त्याआधी आबांबरोबर एकदा रोलर कोस्टरमध्ये बसायचंच, असा तिचा हट्ट. गाडी माझी असल्यामुळे न्यायचं काम माझ्याकडे आलं.

दारातच पाटी होती: जादा पैसे भरा, रांग टाळा. आता माझा स्वभाव असा, की पनवेलबाहेरच्या कोन फाट्यावर पुढे चार गाड्या दिसल्या तरी माझा हात हॉर्नवरून निघत नाही. मी विचारबिचार न करता मनगटाला बांधायच्या तीन गुलाबी पट्ट्या घेऊन आलो. मामांनी आपली पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजे पैसे देऊन रुमाल टाकायचा," ते म्हणाले.

"मामा, ही इथली रीतसर सोय आहे."

"सोय हाय हो. पण उन्हात उभ्या माणसांच्या नाकासमोरून जायचं कसं?"

पट्टी खिशात घालून ते सरळ रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मलाही राग आला. मी सईला घेऊन दुसऱ्या दाराने आत गेलो. आमचा नंबर लगेच लागायला हवा होता, पण ती सोय आमच्यासारख्या पुष्कळांनी घेतली होती, म्हणून अर्धा तास मोडलाच. मग दोन मिनिटं सई किंचाळली आणि मी डोळे मिटून घेतले. बाहेर आलो तेव्हा मामा लोखंडी कठड्यांच्या वळणांत जेमतेम मध्यावर पोचले होते. सई कठड्याखालून वाकून त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मागची एक बाई म्हणालीसुद्धा, "लहान आहे, राहू द्या."

"नाय, नाय. मधे शिरली ती," मामा म्हणाले. त्यांनी सईचा हात धरला आणि "जरा मागं जाऊ द्या" करत साऱ्या गर्दीतून उलटे निघून पुन्हा टोकाला जाऊन उभे राहिले. मी कपाळाला हात लावला.

मग मी सरबताच्या गाडीशी बसून त्या दोघांना पाहत राहिलो. ती त्यांना मोबाइलवर चेहरा बघत बोलायला शिकवत होती. ते फोन कानालाच लावत आणि तिला हसू आवरत नव्हतं. मी तीनदा जाऊन सांगितलं, की सहाला रोलर कोस्टरचा पाळणा बंद होतो, पट्टी अजून चालेल. दुसऱ्यांदा सईच वैतागली, "काका, आमचं चाललंय ना." तिसऱ्यांदा मामांनी मला कठड्याजवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू, पाळणा दोन मिनिटांचा. रांग दोन तासांची. ही पोर परत कवा माझ्याजवळ दोन तास उभी राहील? ते पैसे देऊन कमी करू?"

मला मनगटावरच्या त्या पट्टीची लाज वाटली.

सहा वाजले तेव्हा त्यांच्यापुढे पंधरा माणसं उरली होती. पाळणा बंद झाला. बाकीचे कुरकुरत पांगले आणि ही दोघं मात्र लॉटरी लागल्यासारखी हसत बाहेर आली.

पुढच्या आठवड्यात सईला नि तिच्या आईला विमानतळावर पोचवायला मामांना घेऊन मीच गेलो होतो. दारापाशी बरीच रांग होती. मामांना आत सोडणार नव्हते, तरी सईची बॅग घेऊन तेही रांगेत उभे राहिले. ती रांग लांबावी असं आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं. तेवढ्यात दारावरच्या शिपायाचं लक्ष गेलं. "बच्चेवाले इधर से आइए," म्हणत त्याने बाजूचा दोर सोडला.

"नको, रांगेतच बऱ्या हायत त्या," मामा घाईघाईने म्हणाले. पण विमानाची वेळ झाली होती. सईच्या आईने त्यांच्या हातातली बॅग घेतली, वाकून नमस्कार केला आणि पाचव्या मिनिटाला दोघी काचेपलीकडे दिसेनाशा झाल्या.

परतताना खारघर आलं. मामा बाहेर बघतच म्हणाले, "एवढी भराभर सरकणारी रांग मी जन्मात पायली नाय."