हो, सर

मोबाईलमधल्या सरांनी ‘समझ में आया?’ विचारलं की रेश्मा ओढणी सावरून म्हणायची, ‘हो, सर.’ सर कधी, कुठे बोलून मोकळे झाले होते कोण जाणे. पण उत्तर न देणं तिला उद्धटपणाचं वाटे. हिंगोलीकडच्या तिच्या शाळेची शिस्तच तशी.

दिल्लीत आर. के. पुरमच्या बाजारात भाजीवाल्याशी हिंदीत झुंजताना ती मध्येच मराठीत पुटपुटली, म्हणून मी तिला आमच्या क्वार्टरवर धरून आणलं. जवळच मुनिरक्यातल्या तिच्या भाड्याच्या खोलीत नेटवर्क येईना. मग रोज दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेचं गणित सुरू झालं.

‘परीक्षेला विषय म्हणून गणितच का गं घेतलंस?’

‘त्यात बोलावं लागत नाही, आजी.’

हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा यादीत नाव आलं नाही तर निकाह, असं अब्बांनी सांगून ठेवलेलं.

एकदा मीच व्हिडिओ थांबवला आणि मॅट्रिक्सचा तोच गुणाकार तिला कागदावर करायला लावला. पहिल्या ओळीनंतर पेन अडलं.

‘बघताना समदं कळतंय, आजी. हात लावला की पळून जातं.’

‘मग नाही म्हण त्यांना. मागे घे व्हिडिओ.’

‘सरांना नाही कसं म्हणायचं?’

मी तरी काय शिकवणार? बीजगणितातला ‘क्ष’ म्हणजे कोण, हे विचारायची लाज वाटून मी शाळेत वर्षभर नंदीबैलासारखी मान डोलावली. मॅट्रिकला आपटले, आणि लगेच मुलगी दाखवण्याच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास. तिथेही मानच डोलवायची होती, सराव दांडगा. वर आरशात बघून स्वतःला हुशार समजत होते, शहाणी.

पेपर देऊन आली तेव्हा मी विचारलं, ‘कसा गेला?’

‘सगळे प्रश्न ओळखीचे होते,’ ती म्हणाली. तेव्हाच मी समजले.

निकालात नाव नव्हतं. निघायच्या दिवशी भाऊ खाली सामान घेऊन रिक्षात बसलेला, आणि ही निरोप घ्यायला वर आली. मला राहवेना. म्हटलं, ‘जाण्याआधी एकदा तरी म्हण त्या बाबाला.’

ती पहिल्यांदा हसली. तोच व्हिडिओ लावला, ओढणी सावरली.

‘समझ में आया?’

‘नाही, सर.’

‘बहुत बढ़िया,’ सर म्हणाले, आणि त्यांनी फळा पुसला.