बाबनरावांचा खांदा

हातमाग बंद पडले तेव्हा बाबनरावांनी इतवारी बाजारात गुलाबचंद शेठच्या कापडाच्या गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. सहा वर्षं हातात लाठी होती. गल्ली अरुंद, हातगाड्या अडकायच्याच. मग ते लाठी भिंतीला टेकवायचे, शिव्या देत देत गाडीला खांदा लावायचे, आणि गाडी सुटली की गोविंदा गाडीवाला त्यांच्या तळहातावर तंबाखू ठेवायचा; तो मळून ते निम्मा त्याला द्यायचे. गोविंदा एकेकाळी शेजारच्याच मागावर बसायचा. भांडण रोजचं, तंबाखूही रोजचा.

चौऱ्याहत्तर साली बाजारात दोन चोऱ्या झाल्या आणि शेठने बंदूक आणली. ती खांद्यावरून उतरवायची नाही, असा हुकूम. काडतुसं मात्र शेठच्या तिजोरीत. शेठचा विश्वास बंदुकीवर होता, बाबनरावांवर नव्हता.

आता खांदा बंदुकीचा झाला, गाडीला लावायचा कसा? उरला आवाज, तो चढत गेला. पूर्वी दहा शिव्यांनंतर येणारा राग पहिल्याच शब्दाला येऊ लागला. घरी पार्वतीबाई म्हणाली, "काहून एवढे खेकसून राहिले जी?" त्यांनाही उमगत नव्हतं. नुसता थकवा यायचा.

वैशाखातल्या एका दुपारी गोविंदाची गाडी गोदामाच्या दारातच फसली.

"हटव गा," बाबनराव ओरडले.

"हात लाव ना गा. एकट्यानं हलते का?"

चार माणसं हसली. गाडीसाठी कधी न उतरलेली बंदूक क्षणात खांद्यावरून उतरली, आणि नळी गोविंदाच्या छातीसमोर आली. गोविंदाने दांडा सोडून दोन्ही हात वर केले. गाडी कलंडली, कापडाच्या गाठी नालीत गेल्या. आता कोणी हसत नव्हतं.

संध्याकाळी बाबनराव लाजेने मान खाली घालून गोविंदाच्या दारात उभे राहिले. "रिकामी होती गा ते."

"तुले मालूम होतं," गोविंदा म्हणाला. "मले कुठं मालूम होतं?"

सकाळी त्यांनी शेठपुढे बंदूक ठेवली आणि लाठी मागितली. लाठीवाल्याची आता गरज नाही, असं शेठ म्हणाला. घरात पाच तोंडं खाणारी. बंदूक पुन्हा खांद्यावर गेली.

हल्ली गोविंदा लांबूनच गाडी वळवतो. गोदामापुढची गल्ली दिवसभर मोकळी असते. दुपारी बाबनराव तंबाखू मळतात, सवयीने निम्मा बाजूला काढतात, थोडा वेळ थांबतात, आणि मग तोही स्वतःच तोंडात टाकतात.