किल्ली आत, आई आत

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी जुनी. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती दुसऱ्याकडून घेतली, तीही एकाच किल्लीसकट. डॅशबोर्डच्या मधोमध हिरव्या आकड्यांचं छोटं घड्याळ होतं. हळूहळू त्याच्या आकड्यांमधल्या काही रेषा उजळेनाशा झाल्या. आठ आहे की तीन, कळायचं नाही. मी नोकरीसाठी साताऱ्यात राहते. सुट्टीला घरी, कवठे महांकाळला गेले की गाडीत बसताना ते घड्याळ दिसायचं, पण मोबाईल हातात असला की गाडीच्या घड्याळाची कुणाला पडलेली असते.

आईला मात्र ते सोसवेना. अर्धांगवायूच्या झटक्यानं तिची डावी बाजू गेली होती. बोलणं शाबूत होतं, उजवा हात चालायचा. पण डावीकडे काही आहे हेच तिच्या ध्यानात यायचं नाही. ताटातली उजवीकडची भाकरी ती संपवायची आणि डावीकडची भाजी समोर असताना विचारायची, भाजी वाढली न्हाई व्हय? डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांत दोष नाही, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. व्यायामासाठी आबा तिला सांगलीला, विश्रामबागेत घेऊन जायचे. वाटेत ते अर्धेमुर्धे आकडे बघून ती घाबरायची. तिला वाटायचं, आपलंच डोकं आणखी बिघडत चाललंय. आबा समजावायचे, घड्याळ मोडलंय, तू न्हाईस. थोडं पुढं गेलं की तिचं पुन्हा तेच.

म्हणून एका रविवारी आबांनी ते घड्याळ काढायला घेतलं. सैन्यात त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचंच काम केलेलं. कुणा मेकॅनिककडे जायचा प्रश्नच नव्हता. मार्च संपत आला होता आणि सकाळीच ऊन लागायला लागलं होतं. त्यांनी गाडी अंगणातल्या लिंबाखाली लावली, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि घड्याळाची पट्टी अलगद उचकटून काढली. पडवीत बसून भिंग लावून बघितलं, तर मागच्या सोल्डरिंगला बारीक तडे गेले होते. एकेक सांधा त्यांनी तापवून जोडला. मी शेजारी बसून स्क्रू सांभाळत होते.

आईनं हट्ट धरला, मला गाडीत बसवा, चालू झालं की मला पयलं दिसू द्या. आम्ही दोघांनी धरून तिला पुढच्या डाव्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. वाऱ्यानं धुरळा उडत होता, म्हणून काचा आधीपासूनच वर होत्या. पुढची दोन दारं तेवढी उघडी ठेवली. आबांनी घड्याळ परत बसवलं, किल्ली लावून ठेवली आणि आपल्या बाजूचं दार ढकलून बॉनेटकडे गेले. आईचा डावा हात सीटवरून बाहेर लोंबायचा आणि तिला कळायचं नाही. तो आत घेऊन मी तिचं दार लावलं.

आबांनी बॅटरीची वायर टेकवली. ठिणगी उडाली आणि पाठोपाठ खट्ट असा आवाज झाला. गाडीला कुणीतरी मागाहून सेंट्रल लॉक बसवून घेतलं होतं. चारही दारांच्या लॉकच्या खुंट्या एकदम खाली बसल्या.

आधी मला काहीच वाटलं नाही. मी आईच्या दाराची मूठ ओढली. मग मागचं दार ओढलं. मग पलीकडं जाऊन आबांचं. आबा बॉनेटच्या बाजूनं माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी वायर काढली, पुन्हा टेकवली. पुन्हा खट्ट, पण खुंट्या खालीच. डिकीही बंद. आत आई घड्याळाकडे बघत होती. हिरवे आकडे अगदी स्वच्छ दिसत होते. तिनं उजव्या हातानं त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि आमच्याकडे बघून हसली.

सावली सरकलीय हे मला तेव्हा दिसलं. गाडी लावली तेव्हा ती पूर्ण लिंबाखाली होती. आता पुढची काच उन्हात होती आणि आईच्या मांडीवर ऊन पडलं होतं.

पट्टा लावलेल्या आईचा हात आबांच्या दारापर्यंत पोचला नसता, पण तिच्या दाराची खुंटी तिच्या डाव्या खांद्याशीच होती. उजवा हात वळवून ती वर ओढली असती तर दार उघडलं असतं. मी तिच्या काचेला नाक लावून ओरडले, आई, इकडं बघ, इकडं. तिनं आवाज ऐकला आणि उजवीकडे, आबांच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मी काच बडवली. ती आणखी उजवीकडे वळली. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर उभी होते आणि तिच्यासाठी तिथं कुणीच नव्हतं.

व्यायामाच्या बाई तिच्याकडून एक गोष्ट करून घ्यायच्या. उजव्या हातानं गुडघा धरायचा, तिथून सरकत डावा हात शोधायचा, मग त्या हातावरून वर खांद्यापर्यंत जायचं. मी काचेतून तेच सांगायला लागले.

"आई, डावा हात शोध. गुडघ्यावरनं जा."

तिनं गुडघा धरला. बोटं सरकली, डाव्या हाताच्या बांगडीला लागली, तिथंच थांबली. मी वर, वर म्हणत राहिले. ती दंडापर्यंत आली. तेवढ्यात तिला धाप लागली आणि हात मांडीवर पडला. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकाशी आलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी तिनं गुडघासुद्धा धरला नाही. मान एका बाजूला कलली आणि डोळे अर्धे मिटले.

मी आबांकडे बघितलं. हा माणूस कधी घाबरलेला मी पाहिला नव्हता. आता ते हातात पाना घेऊन नुसते उभे होते. त्यांनी मागच्या काचेवर एक घाव घातला. पाना निसटला, काचेला ओरखडाही आला नाही. ते खाली पडलेल्या पान्याकडे बघत राहिले. मला आईपेक्षाही त्या क्षणी त्यांचीच भीती वाटली. हे असे उभे राहिले तर मी एकटी काय करणार?

"आबा, पहार," मी म्हणाले. "गोठ्यातली पहार आणा."

ते धावले. त्या वयात त्यांना तसं धावताना बघणंही भीतीचंच होतं. पहार घेऊन आले, पण कुठली काच फोडायची ते त्यांना ठरवता येईना. आईपासून लांबची म्हणून ड्रायव्हरच्या मागची मी दाखवली. मग त्यांनी सगळं अंग घालून मारली. काच भसकन खाली आली. मी आत हात घालून खुंटी ओढली आणि सीटवरून वाकून आईच्या दाराचीही वर ओढली. आतली हवा तव्यावरच्या वाफेसारखी तोंडावर आली.

आईला आम्ही पडवीत आडवं केलं. ओल्या पंच्यानं अंग पुसलं, चमच्यानं पाणी पाजलं. गावातले डॉक्टर येऊन गेले. उन्हाचा त्रास झालाय, वेळेत बाहेर काढलंत, आता भीती नाही, असं म्हणाले. ते गेल्यावर मी पायरीवर बसले. माझ्या दंडाला काच लागून रक्त आलंय हे आबांनी दाखवलं तेव्हा कळलं.

संध्याकाळी आई उठून बसली, चहा प्यायली. आबा तिच्या उजव्या हाताला बसले होते. तिनं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं.

"आवं, तुमी दोघं बाहीरच हुतासा की," ती म्हणाली. "मग दार का उघडत न्हवतासा?"

तिला आपण अडकलोय हे कळलंच नव्हतं. आत जीव घुसमटत असताना तिनं आम्हाला बाहेर फिरताना पाहिलं होतं, आणि आम्ही दार उघडत नव्हतो. मी तिला लॉकचं समजावून सांगितलं. तिनं व्हय व्हय म्हणून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारलं. आबा उठून बाहेर गेले.

सांगलीला जाऊन त्यांनी नवी काच बसवली आणि सेंट्रल लॉक पार काढून टाकलं. आई पुढच्या व्यायामाला त्याच गाडीतून गेली. तिला गाडीची काही धास्ती नाही. आबांना आहे. त्यानंतर मी घरी गेले तेव्हा बघितलं, त्यांनी आईच्या खोलीची आतली कडी काढली होती. स्वयंपाकघराचीही काढली होती, न्हाणीघराचीही. दारांवर स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती.

तेव्हापासून घरी गेले की मी आंघोळीला जाताना पाण्याची भरलेली बादली आतून दाराला लावून ठेवते.