ढावलो एकटीनं होत नाही

श्रीमती सुखीबाई फुलचंद राठोड, वय अंदाजे सदुसष्ट, तालुका आर्णी. शिक्षण : निरंक. कलाप्रकार : नदीगीत. सादरीकरण : एकल. कालावधी : सात मिनिटे. अरुणावती नदी व गोर वारसा संगीत मेळाव्याच्या समितीने असा तक्ता भरला आणि सुखीबाईने खाली अंगठा दिला.

नदीगीत म्हणून सुखीबाईला काही येत नव्हतं. येत होता ढावलो. मुलगी सासरी निघाली, किंवा मयतीनंतर माणसं पहिल्यांदा भेटली, की बंजारा बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात, तो. समिती म्हणाली, नदीकाठीच गाणार ना, मग नदीगीतच.

सुखीबाई हो म्हणाली, कारण नदीपलीकडच्या तांड्यातून लेंगीचा, म्हणजे होळीच्या गाण्यांचा, संच येणार होता आणि त्यात तिची धाकटी बहीण मैनाबाई होती. सहा वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी त्यांची याडी, म्हणजे आई, मैनाबाईकडे असताना वारली. सुखीबाई मातीला पोचली नाही. तेव्हापासून बोलणं बंद, आणि आईचा ढावलो तसाच राहून गेलेला.

मेळाव्याच्या दिवशी सुखीबाई स्टेजवर चढली आणि माइकसमोर नुसती उभी राहिली.

"सुरू करा ना, आजी," सूत्रसंचालक दिपाली म्हणाली.

"एकटीनं नाई होत, मॅडम. कोनाच्या गळ्यात पडा लागते."

"माइकचा स्टँड धरा."

"लोखंड हाय थे. त्याचं कोन मेलं?"

"मग मला धरा."

"तुयी माय जित्ती हाय. कायले अपशकुन करतं, बाई?"

हे सगळं कर्ण्यातून नदीपार जात होतं. पहिल्या रांगेतून मैनाबाई बोलली. दोघींची बोली बंजाऱ्यांची गोरबोली, पण सगळ्यांना कळावं म्हणून ती मुद्दाम मराठीत बोलली. "आजबी कारनच सांगून राह्यली. मायच्या मातीलेबी नोती आली थे."

सुखीबाई पायऱ्या उतरली, सरळ मैनाबाईकडे गेली आणि तिच्या गळ्यात पडली. मैनाबाई खांबासारखी ताठ. सुखीबाईने गोरबोलीत सूर लावला : याडी, पूल पाण्याखाली होता. याडी, तीन दिवस मी काठावर बसले. धूर दिसला, तुझं तोंड दिसलं नाही.

ढावल्याला ढावल्यानंच उत्तर द्यायचं असतं. गप्प राहणं म्हणजे नातं तोडणं. कडवं संपवून सुखीबाई थांबली. मग मैनाबाईचा हात तिच्या पाठीवर आला, आणि त्याच सुरात तिने विचारलं : दिग्रसवरून फिरून यायला काय झालं होतं?

सुखीबाईने तोही रस्ता बंद असल्याचं गाऊन सांगितलं. मैनाबाईने आणखी विचारलं. हे पाऊण तास चाललं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे समितीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

प्रमाणपत्र आधीच छापलेलं होतं : 'उत्कृष्ट एकल नदीगीत'. ते खुर्चीवरच राहिलं. सुखीबाई मैनाबाईकडे जेवायला गेली.