मोकळ्या जागेवरचा गडी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कबड्डीच्या मैदानावरची अशी एक जागा दाखवा जिथे माझा साडू खेळलेला नाही. कराडातलं माझं औषधांचं दुकान तुमच्या नावावर करून देतो. डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन्हीकडचा मध्यरक्षक, चढाई, सगळं त्याने केलंय. एकदा पंच जेवायला म्हणून गेले ते परतलेच नाहीत, तेव्हा उरलेल्या सामन्यात शिट्टीही त्यानेच वाजवली आणि स्वतःच्याच संघाला हरवून आला. हा साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहणार कुंडल. लग्न ठरवताना आमच्या सासऱ्यांनी मुलगा नक्की कुठल्या जागेवर खेळतो अशी चौकशी केली, तर मान खाली घालून म्हणाला, "जी मोकळी आसंल तिथं." सासरे त्याच्या विनयावर खूश झाले. विनयाचा त्यात काही संबंध नव्हता हे आम्हाला पुढे कळलं.

आमच्या भागात कबड्डी वजनी गटांतही खेळतात, त्यामुळे साडूच्या अंगावरचं मांससुद्धा कायम बदलीवर. हलक्या गटात माणूस कमी पडला की हा भरउन्हात स्वेटर घालून पळायचा, आणि खुल्या गटात दांडगा गडी हवा असला की केळ्यांच्या घडासमोर मांडी ठोकायचा. एका दिवाळीत तर आमच्याकडे येऊन चकल्यांच्या डब्याकडे पाठ करून बसला होता. तरी वजनाच्या वेळी काटा किंचित पुढे सरकलाच. पठ्ठ्याने शेजारच्या न्हाव्याकडे जाऊन डोक्याचा चकोट केला, कसाबसा गटात बसला आणि सामना संपल्यावर तसाच माधवनगरला सासुरवाडीत हजर झाला. ऐन सणात दारात मुंडण केलेला जावई बघून सासूबाईंनी थेट गळाच काढला. शेजारच्या बायका जमल्या. व्याही कधी गेले, कशाने गेले, निरोप का धाडला नाही, असं सुरू असतानाच खुद्द व्याही सामना बघून, वाटेत घेतलेल्या भाजीची पिशवी सांभाळत मागून आत आले. चहा येईपर्यंत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

खरं तर त्याची सुरुवात गावच्या मंडळात डाव्या कोपऱ्यात झाली, आणि जुनी माणसं सांगतात की चढाईला आलेल्याचा घोटा धरावा तो यानेच. पण साखर कारखान्याच्या संघात गेला तर तिथला उजवा मध्यरक्षक रजेवर, म्हणून याला तिथे लावला. मुंबईच्या संघात चढाईचा गडी जायबंदी, म्हणून याने चढाया केल्या. पुढे टीव्हीवरच्या लीगचा लिलाव आला. दोन वेळा कुणी विचारलं नाही, तिसऱ्यांदा 'अष्टपैलू' म्हणून घेतला आणि बाकावर बसवला. आम्ही सगळे टीव्हीसमोर ताटकळायचो. कुणी लंगडला की हा दोन मिनिटं आत, तो बरा झाला की बाहेर. एरवी टॉवेल देताना दिसायचा, आणि सासूबाई तेवढ्यावरही गल्लीला पेढे वाटायच्या. घरीही आम्ही वेगळं काय केलं म्हणा. लग्नात वाढपी कमी, बोलवा त्याला. गाडीला ड्रायव्हर नाही, बोलवा त्याला. माणूस इतका उपयोगी असला की त्याला काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं. मला कधीकधी त्याच्यासाठी फार वाईट वाटायचं.

यंदा त्याचा गुडघा बोलायला लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी हंगाम संपला की खेळ बंद, असं बजावलं. गावच्या मंडळाने ठरवलं, शेवटचा सामना आपल्याकडून, आणि जागा तो मागेल ती. मैदानाकडे जाताना मोटरसायकलवर मागे बसलेला साडू माझ्या कानाशी म्हणाला, "पाव्हणं, एकदा डाव्या कोपऱ्यात सुरवातीपासनं शेवटापत्तुर खेळायचंय. लय दिस झालं, कुणी पुरा सामना उभाच ऱ्हाऊ दिलं न्हाई."

अंतिम सामना, दुपार कलती, सगळा गाव जमलेला. साडू कोपऱ्यात उभा राहिला आणि खरंच, दोन दांडगे गडी त्याने घोट्याला धरून आडवे केले. मग शेवटची काही मिनिटं उरली असताना आमचा चढाईचा हुकमी गडी पाय मुरगळून बाहेर गेला. आपण दोन गुणांनी मागे. कुणी काही सांगायच्या आधी सगळ्या मैदानाची नजर सवयीने साडूकडे वळली. मीही त्याच्याकडेच बघितलं, खोटं कशाला बोलू. कप्तान जवळ जाऊन म्हणाला, "आण्णा, तुमीच जावा आता चढाईला."

साडूने गुडघ्यावर हात ठेवला, मधल्या रेषेकडे बघितलं आणि सावकाश म्हणाला, "न्हाई गड्या. राखीव पोराला घाल. मी हितनं हलत न्हाई."

राखीव पोरगं गेलं आणि धरलं गेलं. आम्ही हरलो. एक म्हातारा पुटपुटला, तेवढंच. फेटा, नारळ, शाल सगळं झालं, माणसं पांगली. मॅटवाले मैदानावर अंथरलेले मॅटचे चौकोनी तुकडे उचलायला लागले. साडू नारळ हातात धरून परत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा होता. मॅटवाल्यांनी पलीकडून सुरुवात करून गोळा करत आणलं, आणि त्याच्या पायाखालचे चार तुकडे तेवढे ठेवून टेम्पोपाशी जाऊन थांबले.

माझी मेव्हणी पुढे झाली. "आवं, चला आता. त्यांस्नी घरी जायचं हाय."

"जरा थांब," तो म्हणाला. "आत्ता कुठं जागा मिळालीया."

तिने मॅटवर चपला चालत नाहीत म्हणून बाहेर काढल्या, त्या चार तुकड्यांवर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याच्या हातातला नारळ आपल्याकडे घेतला. मी मॅटवाल्यांना चहाला घेऊन गेलो.