खुन्यावर माया

चष्मेवाल्यांना खोटं बोलता येत नसे. दुकानात एखाद्या बाईने नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून "कशी दिसते?" असं विचारलं, की तोंडदेखलं "छान" म्हणणंसुद्धा त्यांच्या जिवावर येई. "नाक जरा पसरट आहे ना तुमचं, ही फ्रेम त्याला आणखी पसरवते. दुसरी काढू का?" असं ते सरळ म्हणून टाकत. मालक काउंटरमागे कपाळाला हात लावून घेत. बाई फणकारून निघून जात आणि आठवड्याने परत येऊन दुसरी फ्रेम घेऊन जात.

असा हा माणूस घरी बायकोशी मात्र वर्षानुवर्षं एकच खोटं बोलत आला होता. तेही रविवारी, भरदुपारी, इस्त्री करता करता.

बायको पडद्यांच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या घरी जायचं, शिडीवर चढून खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे, हे तिचं काम. शिडीवर चढलेली बाई लोकांना भिंतीवरच्या घड्याळासारखी वाटते. तिच्यादेखत नवरा-बायको भांडतात, भाऊ-भाऊ वाटण्या करतात, सासू फोनवर सुनेचं उणंदुणं काढते. बाई टेप गुंडाळत सगळं ऐकून घेत आणि घरी येऊन त्यातल्या कुणाचा तरी मुडदा पाडत. कागदावर, अर्थात. एका घरात झोपायच्या खोलीला दुहेरी अस्तराचे पडदे हवे होते, दिवसाढवळ्या काळोख करणारे. त्या घरच्या माणसाला बिचाऱ्याला नुसती अर्धशिशी होती, पण बाईंना त्यात अख्खी कादंबरी मिळाली. अशा अकरा रहस्यकादंबऱ्या त्यांच्या नावावर होत्या.

लिहिण्याची त्यांची एक रीत होती. रविवारी जेवणं आटोपली की चष्मेवाले बैठकीच्या खोलीत टेबलावर जाड चादर अंथरून आठवड्याचे कपडे इस्त्रीला घेत, आणि बाई समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन नवं लिखाण वाचून दाखवत. शेवटचं प्रकरण उरलं की थांबत.

"हं, बोला. कोण?"

मग चष्मेवाल्यांनी शर्टाची कॉलर उलटीपालटी करत खूप विचार केल्याचं सोंग आणायचं आणि भलत्याचंच नाव घ्यायचं. बाईंनी आनंदाने टाळी वाजवून शेवटचं प्रकरण वाचायचं. चष्मेवाल्यांनी इस्त्री उभी करून "अरे बापरे! हा?" म्हणायचं.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी ते खरोखर चुकले होते. त्या दिवशी बाईंचा चेहरा असा काही फुलला, की तो पुन्हा पुन्हा बघावा असं त्यांना वाटलं. पंचाईत अशी की दुसऱ्या पुस्तकापासून त्यांना खुनी कळायलाच लागला. बाई मुळात मायाळू. शेवटी ज्याच्या हातात बेड्या पडायच्या, त्याच्यासाठी त्यांचं आतडं आधीपासूनच तुटायचं. बाकीच्या पात्रांची त्या सालटी काढत. कुणी चिकट, कुणी खवट, कुणाच्या मोज्यांना वास. खुन्याला मात्र जपत. त्याला आजारी आई असे, चहाचा दुसरा कप त्यालाच मिळे. चौथ्या पुस्तकातल्या डॉक्टरने एका म्हातारीची पिशवी जिन्यावरून उतरवून दिली, तेव्हाच चष्मेवाले मनात म्हणाले, हा गेला.

बोलायचं त्यांच्या ओठांवर कितीदा तरी आलं. पण टाळी वाजवणाऱ्या बायकोला "मला माहीत होतं" म्हणायचं कसं? मूग गिळून ते पुढचा शर्ट ओढत.

मग एक दिवस प्रकाशक घरी आले. चहा घेतला, बिस्कीट घेतलं आणि म्हणाले, "बाई, रागावू नका. वाचक म्हणतात, चाळिसाव्या पानावरच खुनी कळतो. मागची दोन पुस्तकं तशीच पडून आहेत. बाराव्याचं हस्तलिखित मी स्वतः वाचीन. शेवटाआधी मला ओळखता आला, तर मग आपण इथेच थांबू."

"छे! शक्यच नाही," बाई उसळल्या. "आमच्या ह्यांना विचारा! पहिल्या पुस्तकापासून ऐकतायत. एकदा तरी ओळखता आलंय का हो?"

प्रकाशकांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी बशीकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी बाराव्या पुस्तकाचं वाचन सुरू झालं. एका बाईंच्या घरी खोल्या भाड्याने घेऊन राहणारी माणसं, आणि त्यातल्या एकाला विष घातलेलं. दुसऱ्या प्रकरणात गणिताचे मास्तर आले. शेजाऱ्याचं पायपुसणं भिजू नये म्हणून त्यांनी आपली छत्री दाराबाहेर झटकली. गप्प बसावं तर बायकोचं लिहिणं बंद पडणार. बोलावं तर तिला कायमचं दुखावणार. त्यांनी इस्त्री उभी केली.

"मास्तर," ते म्हणाले.

"काय मास्तर?"

"विष मास्तरांनी घातलंय."

बाईंनी कागद छातीशी धरले. "तुम्ही माझे कागद चाळलेत?"

"नाही गं. छत्री." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. आजारी आई, चहाचा दुसरा कप, म्हातारीची पिशवी.

"कधीपासून कळतंय?"

"दुसऱ्या पुस्तकापासून."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझी समजूत काढत होता? मी काय कुकुलं बाळ आहे?" बाई खुर्चीतून उठल्या. "दुकानात परक्या बाईला नाकाबद्दल तोंडावर सांगता. तिचा एवढा मान ठेवता. आणि माझा?"

बाई कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी चष्मेवाल्यांनी लेकीला फोन केला. सगळं ऐकून लेक म्हणाली, "सांगितलंत एकदाचं! मला तर चौथ्या पुस्तकापासूनच कळतं."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून!"

असा सगळा प्रकार. सगळे सगळ्यांना सांभाळून घेत होते आणि त्यात बाईंची पुस्तकं बुडत होती.

त्यानंतरचे रविवार चष्मेवाल्यांना खायला उठले. बाई बोलत नव्हत्या असं नाही. दूध संपलंय, नळ गळतोय, एवढं बोलत. पण दुपारी दार बंद. चष्मेवाले एकटेच इस्त्री करत बसत. शर्ट तेच, चादर तीच, पण काम म्हणून संपेना. ते खुनी नेहमी आधीच ओळखत हे खरं, पण म्हणून त्यांना ऐकायला कमी आवडत होतं असं थोडंच आहे?

आणि एका रविवारी बाई कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. "इस्त्री चालू द्या. पहिल्यापासून वाचते."

आता गोष्टीत सगळेच गोड झाले होते. मास्तर, वरच्या खोलीतला डॉक्टर, घरमालकीण. ज्याला त्याला आजारी आई, ज्याला त्याला दुसरा कप. फक्त घरमालकिणीच्या नवऱ्यावर बाई तुटून पडल्या होत्या. टकला, घोरणारा, पोलिसांच्या तपासात नाक खुपसून दर वेळी भलत्याच माणसाकडे बोट दाखवणारा. आणि फावल्या वेळात इस्त्री करणारा! चष्मेवाल्यांनी स्वतःला लगेच ओळखलं. टकलावरून जरा लागलं त्यांना, पण बरंही वाटलं. काढतेय बिचारी राग, काढू दे. एका प्रकरणात त्या बावळटाने धोब्यावर संशय घेतला, तेव्हा तर ते पोट धरून हसले.

"हं, बोला. कोण?"

चष्मेवाल्यांच्या कपाळाला घाम फुटला. आधी डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, थांब, डॉक्टर नाही. मग पुन्हा डॉक्टर. शेवटी म्हणाले, "घरमालकीण."

"प्रकाशकही घरमालकीणच म्हणाले," बाई शांतपणे म्हणाल्या. "छापायला घेतलंय त्यांनी. पण त्यांचं सोडा. तुम्ही खरं सांगताय?"

"तुझी शप्पथ!"

बाईंनी शेवटचं प्रकरण वाचलं. खून घरमालकिणीच्या नवऱ्याने केला होता. त्याला पहिल्यापासून सगळं कळत होतं. "जो माणूस इतकी वर्षं मुद्दाम चुकू शकतो," पोलीस अधिकारी म्हणत होता, "त्याला काहीही जमेल."

"मी?" चष्मेवाले ओरडले. "मी विष घातलं? ही शुद्ध फसवणूक आहे! कुठे लिहिलंय आधी? दाखव!" त्यांनी कागद हिसकावून घेतले आणि जमिनीवर रचलेल्या इस्त्रीच्या चादरींवरच बसकण मारली. चष्मा कपाळावर, पानं डोळ्यांशी. कान लालबुंद झाले होते. "तिसरं प्रकरण... मेलेल्याच्या औषधाची बाटली हाच धुतोय! लिहिलंय की इथे! आणि मी काय केलं, तर हसलो!"

बाई त्यांच्या शेजारी खाली येऊन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"खरोखर हरल्यावर तुम्ही असे दिसता होय," त्या म्हणाल्या. "आणि मी आपली इतकी वर्षं त्या 'अरे बापरे'वर खूश."

"चोर आहेस तू," पान उलटत चष्मेवाले म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.